वाळलेल्या कांड्या

जुनी बॉलपेनं जमवतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे शाईपेनं?" मी नाही म्हणतो. मग तो विषय बदलतो. शाईपेनाची गोष्ट वेगळी. त्याला इभ्रत आहे, त्याची प्रदर्शनं भरतात, त्याच्यावर लेख येतात. बॉलपेन म्हणजे कांडी संपली की टाकून द्यायची वस्तू. रिफिलला आमच्याकडं कांडीच म्हणतात. मी ती पेनं टाकू देत नाही. त्यांच्यात दुसरी कांडी बसवतो, स्प्रिंग बदलतो, खिशाला अडकवायची पट्टी सैल झाली असेल तर घट्ट करतो आणि पुन्हा डब्यात ठेवतो. एवढाच छंद. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही आणि हल्ली तर मलाही त्याचा वीट आलाय.

हा नाद नोकरीत लागला. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो, शेवटी हेडक्लार्क म्हणून सुटलो. महिनाअखेरीला कुणाचा ना कुणाचा निरोप समारंभ ठरलेला. शाल, श्रीफळ आणि मखमली डबीतला पेनांचा जोड. नारळ आमटीत जातो, शाल थंडीत उपयोगी पडते, पेनं मात्र शोकेसमध्ये भांड्यांच्या मागं पडून राहतात. काही वर्षांनी डबी उघडावी तर कांडी ठार वाळलेली. असली पेनं मी मागून आणायला लागलो. लोक हसत हसत द्यायचे. "ने बाबा, घरात अडगळच हाय ती," म्हणायचे. कुणाच्या लग्नात व्याह्यांनी दिलेलं, कुणाला पतपेढीच्या सभेत मिळालेलं. माधवनगरच्या एका गिरणीच्या जाहिरातीचं पेन माझ्याकडं आहे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पेन अजून लिहितं. पोटात घड्याळ असलेलं एक आहे, त्यातलं घड्याळ कधीच मेलंय. चार रंगांचं जाडजूड एक आहे, आणि त्यातला हिरवा रंग, अशा सगळ्या पेनांत असतो तसा, कुणी कधी वापरलेलाच नाही. सांगलीच्या पेठेत एक जुनं स्टेशनरीचं दुकान होतं. मालक माझ्याच वयाचे. दुकान आवरताना त्यांनी पितळी अंगाची पेनं पिशवीभर माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "घेऊन जावा. तुमच्याशिवाय ह्याला गिऱ्हाईक न्हाई." तो मान म्हणून धरावा की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

या पेनांची निगा म्हणजे मुख्यतः वाळलेल्या कांडीशी झगडा. कांडीत शाई असते, दिसते, पण टोकाच्या बारीक गोळीपाशी ती घट्ट होऊन बसते. मग कांडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. टोक गरम पाण्यात बुडवायचं. रबरी चपलेच्या तळव्यावर गोल गोल फिरवायचं. हा उपाय शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो आणि अजूनही याच्याइतका गुणकारी दुसरा नाही. तेवढ्यानं नाही भागलं तर मागून फुंकायचं. फुंकताना चुकून ओढलं गेलं की तोंड निळं. असाच एकदा निळे ओठ घेऊन जेवायला बसलो, तर बायको वाढता वाढता म्हणाली, "आज काय हलाहल पचवलंत वाटतं?" जुन्या मापाच्या कांड्या आता मिळत नाहीत. नवी कांडी ब्लेडनं कापून बसवावी लागते, आणि आखूड पडली तर मागं काडीपेटीतल्या काडीचा तुकडा घालावा लागतो. हे सगळं करायला माणूस निवांत लागतो. मी निवांत होतो. म्हणजे तेव्हा होतो.

आमचं घर कराडला. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरीची सुरुवात औंधाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत झाली आणि शेवट कराडात. आमच्या गल्लीतच काय, भाजी मंडईतही तिला सगळे बाईच म्हणतात. दिवसा पोरं शिकवायची आणि वस्तीवर होती तेव्हा संध्याकाळी बायकांना सही शिकवायची. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सरकारी साक्षरतेचे वर्ग आले ते नंतर. तिची एक पद्धत होती. आपण आधी अक्षरं लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. ती त्या बायकांना आधी रेघ ओढायला लावायची. "दोरी बांधायची आणि मग एकेक कापड वाळत घालायचं," असं सांगायची. शेतातून आलेल्या, हात राठ झालेल्या बायकांना ते पटायचं. तिच्या वर्गातल्या किती जणी सह्या करायला लागल्या हे तिनं कधी मोजलं नाही. मीच बाहेर मोठेपणानं सांगत असे.

तिचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत राहायची, माळ जपावी तशी. मग चालताना पाय घसटायला लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला खोलीत चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या चालू झाल्या. गोळी चढली की घटकाभर बरं असतं, उतरली की पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हापासून आमच्या घरातली कामं माझ्या अंगावर आली. तक्रार नाही, पण दमतो मी. ब्लाउजचे हूक लावायला माझ्या जाड बोटांना जमत नव्हतं, ते शिकलो. वेणी घालायला शिकलो. ती म्हणते, वेणी चांगली होते, फक्त केस डोक्यासकट ओढू नका. आमटी शिकलो, भाकरी काही जमली नाही. दुपारी जरा पाठ टेकावी म्हणलं की गोळीची वेळ होते. मुलगी पुण्याला असते. ती रोज फोनवर तोंड दाखवते, आम्हाला बघते आणि म्हणते, "बाबा, तुम्ही स्वतःची पण काळजी घ्या." म्हणजे नेमकं काय करायचं हे अजून तिनं सांगितलेलं नाही.

आता बँकेचं सांगतो. बायकोची पेन्शन तिच्या खात्यावर जमा होते. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे आणि पहिल्या पगारापासून तसंच आहे. दर महिन्याला ती स्वतः जाते, स्लिपवर सही करते आणि पैसे घेऊन पर्समध्ये ठेवते. फोनवरून पैसे पाठवणं तिला येतं, पण पेन्शन आणायला ती जातेच. त्या दिवशी छान साडी नेसते. एकदा काउंटरवरच्या मुलीनं स्लिप परत केली. "आजी, सही जुळत नाही." बायकोनं दुसऱ्या स्लिपवर केली. तीही जुळेना. मुलगी बोलायला गोड होती. आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि या वेळेपुरतं चालवून घेतलं. पण माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "काका, पुढच्या वेळी काहीतरी बघा. नाहीतर अंगठा घ्यावा लागेल."

अंगठा. आयुष्यभर दुसऱ्यांना अंगठ्यावरून सहीवर आणणाऱ्या बाईचा अंगठा! मला ते ऐकवलंच नाही. बायको रिक्षात पर्स मांडीवर धरून बाहेर बघत होती. मी मात्र घरी पोचेपर्यंत मनाशी ठरवून टाकलं की असं होऊ द्यायचं नाही. घरात डबेच्या डबे पेनं आहेत, सगळा जन्म त्यांच्यात घातलाय. त्यातलं एक तरी पेन तिच्या हाताला लागू पडेलच की.

आमची मुलगी फोनवर म्हणाली, "जेल पेन द्या ना तिला, जोर लागत नाही." दिलं. जेल पेन कागदावरून नुसतं घसरतं. हाताची प्रत्येक थरथर ते इमानानं उमटवतं. सही म्हणजे काट्यांचं कुंपण दिसायला लागली. हलकं प्लास्टिकचं बॉलपेनही हातात नाचायचं. मग ध्यानात आलं की पेन जड पाहिजे. जड पेन हाताला खाली धरून ठेवतं आणि बॉलपेन कागदाला किंचित चिकटून चालतं, त्यानं हात जरा थाऱ्यावर राहतो. म्हणून सांगलीची ती पितळी पेनं काढली. पण त्यांच्या कांड्या वाळलेल्या. नव्या कांड्या कापून बसवल्या. एकीची गोळी खरखरायची, एकीतून शाई ओघळायची. पेन गुळगुळीत असल्यानं तिच्या बोटांतून फिरायचं, म्हणून अंगाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. सकाळचा चहा झाला की मी चपला आणि कांड्या घेऊन पायरीवर बसायचो. येणारे-जाणारे बघत जायचे.

गोळी चढली की तिला टेबलापाशी बसवायचं आणि वही पुढं ठेवायची. पहिलं अक्षर ठीक यायचं. दुसरं त्याहून लहान. तिसरं त्याहून लहान. आडनावापर्यंत पोचेतो अक्षरं इतकी बारीक व्हायची की मुंग्या चालल्यात असं वाटावं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं. मी तिला म्हणालो, "अगं, तू बायकांना शिकवायचीस तसं कर ना. आधी रेघ ओढ." तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं रेघ ओढली, लांब, वाकडी, आणि तिच्याखाली नाव लिहिलं. जरा मोठं आलं. मला इतका आनंद झाला की मी मुलीला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या.

असं बरेच दिवस चाललं. मी पेन बदलायचो, कांडी बदलायचो, वही तिरकी करायचो, टेबलाखाली पाट ठेवायचो. ती लिहायची. कधी कधी लिहिता लिहिता तिच्या कपाळावर घाम यायचा. मी म्हणायचो, "अजून एकदा." एकदा तिनं पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर दाबून धरून बसली. म्हणाली, "वर्गात मी पोरांना एवढं गिरवायला लावलं नाही हो." मी म्हणालो, "बरं, उद्या करू."

शेजारी एक मिलिटरीतून सुटलेला माझा दोस्त राहतो. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, बोलणं फटकळ. सकाळी दूध घालायला येतो तो पायरीवर टेकतोच. त्या दिवशी मी चपलेवर कांडी घासत होतो. त्यानं किटली खाली ठेवली.

"लय दिस झालं बघतोय," तो म्हणाला. "एक इचारू का गड्या?"

"विचार की."

"वैनीस्नी लिवायचं हाय, का तुला लिववायचं हाय?"

मला राग आला. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. तो म्हणाला, "मला न्हाई कळत. पर त्या सकाळी तुजी हाक आली की तोंड कसं करत्यात ते मला हितनं दिसतंय." आणि किटली उचलून गेला. माझी हाक गल्लीत ऐकू जाते हे मला ठाऊक नव्हतं.

आत गेलो तर ती टेबलापाशी येऊन बसलेली होती. वही उघडलेली. मी म्हणालो, "आज राहू दे." ती म्हणाली, "का? पेन सापडलं नाही?" मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला उठून डबा ओतून द्यावासा वाटला, पेनांसकट. इतकी वर्षं मी जे सांभाळलं त्याचा एकदाच उपयोग व्हायला हवा होता, आणि होत नव्हता.

मीच विषय काढला. बँकेनं दुसराही मार्ग सांगितला होता. खातं दोघांच्या नावावर करायचं, म्हणजे माझ्या सहीवर काम होईल, तिला जायलाही नको. मी ते तिला समजावून सांगितलं. तिला दगदग नको, मलाही बरं, आणि अंगठ्याचीही भानगड नाही.

तिनं शांतपणे ऐकलं. हल्ली तिचा आवाज बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं.

"तुमच्या सहीवर माझे पैसे?" ती म्हणाली.

"तसं नव्हे गं. सोय म्हणून."

"सोय असेल. पण मग मी जायचंच नाही का? नुसतं घरात बसून, तुम्ही आणून द्याल ते घ्यायचं?" आणि पुढं म्हणाली, "मला अंगठा चालतो. तुमच्या सहीपेक्षा माझा अंगठा बरा. तो हलला तरी माझाच असतो."

"अगं, पण तू शाळेतली बाई. लोक काय म्हणतील?"

"त्या बायकांचा अंगठा मी कमी समजत नव्हते," ती म्हणाली. "त्यांना कुणी फसवू नये म्हणून सही शिकवत होते. मला कोण फसवणार आहे? तुम्ही?" आणि हसली. मग म्हणाली, "मला ते रोजचं लिहिणं नको आता. दमले मी." दमलो मी, असं मी मनातल्या मनात कितीदा म्हणालो असेन. तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

वही मी मिटली. त्या सकाळी आम्ही दोघांनी दुसऱ्यांदा चहा घेतला. तिचा कप मी धरला.

पेन्शनच्या दिवशी रिक्षा बोलावली. साक्षीदार लागतात म्हणून दोस्तही आला, धुवट सदरा घालून, मागं स्कूटरवर. बायकोनं मोरपंखी साडी काढायला लावली, निऱ्या मी घातल्या. माझ्या खिशाला ते पितळी पेन लावलेलं होतं, ट्यूबची पट्टी गुंडाळलेलं. कशाला लावलं होतं कोण जाणे. सवयीनं असेल, किंवा ऐन वेळी तिचं मन पालटेल ही आशा असेल.

काउंटरवरची ती मुलगी बाहेर येऊन तिच्या खुर्चीशेजारी बसली. शाईचं पॅड आणलं. डावा हात अजून बराचसा बायकोच्या ताब्यात आहे. मुलीनं अंगठा हलकेच धरला, पॅडवर टेकवला, मग कागदावर. स्वच्छ उमटला, सगळ्या रेषांसकट. इतका स्पष्ट की माझ्या एकाही पेनानं तसं काही काढलं नव्हतं. बायकोनं तो वाकून बघितला आणि मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाचा पेपर तपासत होती.

"काका, बाजूला अंगठा कुणाचा ते लिहा. पूर्ण नाव. आणि साक्षीदार म्हणून सही," मुलगी म्हणाली.

मी खिशातलं पेन काढलं. हे लिहायला मला विचार करावा लागत नाही. कारखान्यात उसाच्या बिलांच्या वेळी मी हेच लिहीत आलो. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि खाली नाव. अंगठा उठवणाऱ्यांत बायका बऱ्याच असत, आणि ज्यांच्या नावावर ऊस असे त्या बहुतेक नवऱ्याच्या माघारी जमीन नावावर चढलेल्या. हाताला तेच वळण पडलेलं. पेन कुठं अडखळलं नाही. मी झरझर लिहिलं. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, श्रीमती, पुढं तिचं नाव, मधे माझं, मग आडनाव.

"अहो," बायको म्हणाली.

"काय?"

"काय लिहिलंत बघा."

मी बघितलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. मी तिच्याकडं बघितलं.

"श्रीमती," ती म्हणाली. "मला एवढ्यात श्रीमती करताय होय? शेजारी बसलायत की धडधडीत जिवंत."

दोस्त मागून म्हणाला, "आयला गड्या, सोताला खलासच केलास की!" मुलीला काही कळलं नाही. "चालतं आजी," ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनाच श्रीमती लिहितो."

"तुम्हाला चालत असेल बाळ," बायको म्हणाली. त्या बारीक आवाजात, पण शेजारच्या रांगेनं माना वळवल्या. "मला नाही चालणार. सौ. लिहा. सही गेली तर गेली, हे नाही जाऊ द्यायचं मी."

मी श्रीमती खोडलं आणि वर सौ. लिहिलं. खाडाखोडीपाशी सही लागते, ती केली. आणि मला रडू आलं, बँकेत, सगळ्यांसमोर, रुमाल काढायच्या आत. ती पदराच्या टोकानं निळा अंगठा पुसत बसली होती. पुसून झाल्यावर तिनं तोच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"चला की आता," ती म्हणाली. "रिक्षावाला थांबलाय."